पोकळीवर तोललेलं शहर

विजापूरला शुक्रवारी जाऊ नये. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं आणि जामी मशिदीत जुम्म्याच्या नमाजाची गर्दी असते. बाकी कुठलाही वार चालेल. महिना मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलाच धरावा. सबंध दिवस काळ्या दगडाच्या सहवासात काढायचा आहे, आणि एप्रिल-मेमध्ये तो दगड दिवस मावळला तरी निवत नाही.

सोलापूरपासून विजापूर शंभर किलोमीटर, म्हणजे गाडीने दोनेक तास. वाटेत भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. सोलापूर-हुबळी मार्गावरच्या गाड्याही इथे थांबतात, आणि स्टेशनातून शहराकडे निघालं की पहिली गाठ गोलघुमटाशीच पडते. पाट्यांवर आणि तिकिटावर ‘विजयपुर’ दिसेल. २०१४ पासून ते अधिकृत नाव आहे, तेव्हा आपण चुकीच्या गावी उतरलो असं समजू नये. मुक्कामाची गरज नाही. पूर्वेच्या टोकाला गोलघुमट, पश्चिमेला तटाबाहेर इब्राहीम रोझा, आणि दोहोंत अंतर जेमतेम पाच किलोमीटर. सकाळी पूर्वेकडून सुरुवात करायची आणि उन्हाबरोबर पश्चिमेकडे सरकत जायचं, एवढाच बेत.

तरीही पुष्कळ लोकांचा हा दिवस फसतो. हातात वीस-पंचवीस वास्तूंची यादी असते, रिक्षावाल्याला घाई असते, आणि दुपारनंतर सगळे घुमट एकसारखे दिसू लागतात. यावर माझा उपाय असा, की यादी घरी ठेवावी आणि सोबत एकच प्रश्न न्यावा. मध्ये एकही खांब न लावता किती मोठी रिकामी जागा झाकता येते? आदिलशाहीतल्या गवंड्यांनी या प्रश्नाचा शंभरएक वर्षं पिच्छा पुरवला. १५६१ च्या गगन महालापासून १६७२ मध्ये थांबलेल्या बारा कमानीपर्यंत तोच हट्ट निरनिराळ्या रूपांत दिसतो.

आपल्याला विजापूर ठाऊक असतं ते शत्रूची राजधानी म्हणून. शहाजीराजे इथल्या दरबाराचे सरदार होते, अफझलखान इथूनच निघाला, एवढं शाळेत शिकवलेलं असतं. १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलशाहाने बहमनी सत्तेतून वेगळी वाट धरली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने हे राज्य बुडवलं. जवळजवळ दोनशे वर्षं आणि नऊ सुलतान. त्यांतल्या पहिल्या इब्राहीमने सोळाव्या शतकात दप्तरातली फारसी मागे सारून हिशेब देशी भाषेत आणले, तेव्हा मराठी कारकुनांना या दरबाराचे दरवाजे उघडले. हे सगळं आपल्या इतिहासात येतं. आपण सरदार पाठ केले, गवंडी मात्र राहून गेले. हा दिवस गवंड्यांना द्यावा.

गोलघुमट उघडताच आत शिरायला हवं. शाळेच्या सहली दहाच्या सुमारास थडकू लागतात, आणि एकदा त्या वर पोचल्या की घुमटात शिट्ट्या आणि आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही. तिकीट काढा, बागेतून सरळ चालत जा, संग्रहालय परतताना पाहा.

बाहेरून गोलघुमट काही देखणा नाही. एक प्रचंड चौकोनी ठोकळा, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, माथ्यावर घुमट. ताजमहालाचं लालित्य शोधाल तर निराश व्हाल. खरं आश्चर्य दाराच्या आत आहे. उंबरा ओलांडून दहा पावलं पुढे गेलात की लक्षात येतं, की आत काहीच नाही. एक्केचाळीस मीटर लांब, एक्केचाळीस मीटर रुंद चौरस जमीन, आणि तिच्यावर एकही खांब नाही. मधोमध चौथऱ्यावर मुहम्मद आदिलशाह, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची नर्तकी प्रेयसी यांच्या कबरींच्या खुणा आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात. एवढ्या जागेत तो चौथरा हरवून जातो.

हा घुमट जगात दुसऱ्या क्रमांकाचा, असं तुम्हाला तिथे कोणीतरी नक्की सांगेल. ते खरं नाही. घुमटाचा आतला व्यास अडतीस मीटरच्या आसपास आहे. रोमच्या पॅन्थिऑनचा त्रेचाळीस, सेंट पीटर्सचा एक्केचाळीसहून थोडा जास्त, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा त्याहूनही मोठा. पण दुसरा हिशेब मांडून पाहा. पॅन्थिऑनची गोल जमीन सुमारे साडेचौदाशे चौरस मीटर भरते. गोलघुमटाची चौकोनी जमीन जवळपास सतराशे. म्हणजे एका घुमटाखाली, आधाराशिवाय, विजापूरने रोमपेक्षा जास्त जागा झाकली. खोटी शेखी मिरवण्यापेक्षा ही खरी गोष्ट कितीतरी भारी आहे.

आता कोड्याकडे येऊ. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर वर्तुळ बसवायचं तर चार कोपरे उघडे पडतात. ते भरायचे कसे? आणि त्याहून अवघड प्रश्न वजनाचा आहे. एकमेकांना टेकवून उभे केलेले दोन पत्ते पायाशी बाहेर सरकतात, तसाच प्रत्येक घुमट आपल्या बुडाशी बाहेरच्या बाजूला पसरू पाहतो. भिंती पुरेशा भक्कम नसतील तर तो त्यांना ढकलून देतो. युरोपात यासाठी बाहेरून टेकू दिले, कुठे लोखंडी साखळ्या आवळल्या. विजापूरच्या कारागिरांनी काय केलं, ते मान वर करून पाहा.

प्रत्येक भिंतीवर दोन-दोन जागा धरल्या, एकूण आठ. त्या आठ जागांपासून आठ कमानी उठवल्या, पण शेजारच्या जागेकडे नेल्या नाहीत. एक जागा सोडून पुढच्या जागेवर टेकवल्या. त्यामुळे कमानी एकमेकींना छेदत गेल्या आणि जमिनीवरून पाहिलं तर दोन चौकोन एकावर एक फिरवून ठेवल्यासारखे दिसतात. या छेदणाऱ्या कमानींमधले तिरपे तुकडे चुन्या-दगडांनी भरत नेले. त्यांना वास्तुतज्ज्ञ पेंडेन्टिव्ह म्हणतात. ते भिंतीपासून आत, पोकळीकडे झुकत येतात. जमिनीपासून सुमारे तेहेतीस मीटर उंचीवर सगळ्यांची मिळून एक गोल कडा तयार होते, आणि तिच्या मधलं रिकामं भोक तीसेक मीटर रुंद उरतं.

खरी करामत इथे आहे. घुमट त्या कडेवर बसवलेलाच नाही. तो चारेक मीटर मागे सरकवून बसवला आहे, म्हणून भोक तीस मीटरचं आणि घुमट अडतीस मीटरचा. कडेचा तो सगळा आतला पट्टा पोकळीवर लोंबकळतो. त्याचं वजन आत ओढतं, घुमटाचा रेटा बाहेर ढकलतो, आणि दोघं एकमेकांना अडवून धरतात. घुमट स्वतः विटा आणि चुन्याच्या जाड थरांचा आहे. तळाशी जवळपास तीन मीटर जाड. चुना मुरल्यावर ते सगळं मिळून एकच अखंड कवच झालं. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराने ही रचना पाहिली, तेव्हा तिची बरोबरी करणारं दुसरं उदाहरण त्याला मिळेना.

तो लोंबकळणारा पट्टा म्हणजेच व्हिस्परिंग गॅलरी. लाखो लोक आवाजाची गंमत करायला तिथे चढतात. ती जागा आवाजासाठी बांधली असा मात्र पुरावा नाही. वजन तोलायला ती हवीच होती. आवाज फुकटात मिळाला, असं मला वाटतं.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून वर जायचं. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर मजल्यामजल्यावर झरोक्याशी थांबत जावं, वारा लागतो आणि शहरही दिसतं. वर गच्चीवर आलात की लगेच आत शिरू नका. पूर्वेला स्टेशन, पश्चिमेला मशिदीचे आणि कबरींचे घुमट, दिवसभराची सगळी वाट इथून एका नजरेत येते. मग घुमटाच्या दारातून आत.

भिंतीला तोंड लावून अगदी हळू काहीतरी बोला. समोरच्या टोकाला, अडतीस मीटरवर उभ्या असलेल्या सोबत्याने भिंतीला कान लावला असेल तर त्याला ते शेजारी बोलल्यासारखं ऐकू येतं. आणि मोठ्याने बोललात तर शब्दांचा चिखल होतो. हे उलटं कसं?

मोकळ्या मैदानात आवाज चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. गोल भिंतीशी बोललेला आवाज मात्र पसरत नाही. तो भिंतीला लहान लहान टप्प्यांनी आपटत, तिला चिकटून, वळसा घालत जातो. अर्धा फेरा साठेक मीटरचा आहे, पण भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात कोंडल्यामुळे आवाजाची ताकद फारशी सांडत नाही. कुजबुजीत स, श, फ असे तीक्ष्ण, आखूड लहरींचे आवाज जास्त असतात आणि आखूड लहरी भिंतीला अधिक घट्ट धरून चालतात. म्हणून गुपित पोचतं आणि आरोळी विरते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचं कोडं लॉर्ड रॅलेने सोडवलं. १९२१ मध्ये लंडनला गेलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिथे जाऊन प्रयोग केले आणि रॅलेच्या मांडणीत न बसणाऱ्या काही गोष्टी टिपल्या. त्याच प्रवासात समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडलं होतं. परतल्यावर त्यांनी भारतातल्या अशा वास्तूंचा अभ्यास छापला. त्यात विजापूरचा गोलघुमट आहे.

प्रतिध्वनीचं गणित तर आपणच करू शकतो. एकदाच टाळी वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. समोरच्या भिंतीपर्यंत अडतीस मीटर आणि परत अडतीस, मिळून शहात्तर, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित कमी. आपला कान एवढ्या अंतराने आलेले दोन आवाज सहज वेगळे ओळखतो, म्हणून टाळ्या सुट्या सुट्या मोजता येतात. सात, आठ, शांतता असेल तर दहा. इतक्या वेळा परतायला भिंत गुळगुळीत आणि टणक हवी. चुन्याचा तो गिलावा साडेतीनशे वर्षं आवाज परतवतो आहे.

उतरल्यावर दक्षिण दाराच्या वरची फारसी अक्षरं पाहून घ्या. तिथे तीन वाक्यं आहेत, आणि प्रत्येकातल्या अक्षरांना ठरलेल्या किमती देऊन बेरीज केली की १०६७ हे हिजरी साल येतं. ते मुहम्मद आदिलशाहाच्या मृत्यूचं साल, इसवी १६५६. त्याने गादीवर आल्या आल्या हे काम काढलं होतं. तीस वर्षं राज्य केलं आणि तीस वर्षं स्वतःची कबर उठताना पाहिली. या माणसाच्या मनाचा मला अजून अंदाज लागलेला नाही.

उत्तर आधी पाहिलं, आता प्रश्न कुठून सुरू झाला ते पाहायला जामी मशिदीत चला. रिक्षाने पाच-सात मिनिटं. ही मशीद पहिल्या अली आदिलशाहाने विजयनगरचा पाडाव केल्यानंतर बांधायला घेतली. १५६५ ची राक्षसतागडीची लढाई, म्हणजेच तालिकोटची, जिंकून चारही सुलतान मालामाल झाले होते, आणि विजापूरला आलेल्या लुटीतून तट, पाणी आणि मशीद अशी तिन्ही कामं सुरू झाली. मशीद पुरी झालीच नाही; पुढचे मनोरे राहून गेले. चपला काढून, डोकं झाकून, आवाज न करता आत जायचं. फरशीवर नमाजासाठी आखलेले सव्वादोन हजार चौकोन आहेत. मिहराबावर सोन्याचं आणि रंगांचं काम आहे. ते १६३६ मध्ये मलिक याकूतने केलं. हा याकूत दाभोळचा म्हणून ओळखला जातो आणि गोलघुमटाचा कर्ता म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. कोकणातला माणूस, हे ऐकून आपल्याला बरं वाटतं.

पण मिहराबाच्या आधी मधल्या घुमटाखाली उभं राहा आणि वर पाहा. त्याच छेदणाऱ्या कमानी, तेच आत झुकलेले तुकडे! इथे घुमट गोलघुमटाच्या निम्म्याहूनही लहान आहे. ऐंशी वर्षं आधी कारागिरांनी इथे ती युक्ती वापरून पाहिली, ती टिकली, आणि नातवंडांच्या पिढीने तिला दुपटीहून मोठं करण्याचं धाडस केलं. हे पाहण्यासाठीच गोलघुमट आधी आणि मशीद नंतर असा क्रम लावला आहे. उलट केलं तर इथे वर बघायचं सुचणारच नाही.

आता भूक. बाजारातल्या कुठल्याही खानावळीत ज्वारीची भाकरी मागा. कडक वाळवलेली पापडासारखी आणि मऊ ताजी अशा दोन्ही मिळतात. सोबत भरली वांगी, शेंगाची चटणी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दही. सोलापूरकराला घरीच जेवल्यासारखं वाटेल. पोटभर जेवा, पण झोप येईल इतकं नको.

दुपारचं ऊन राजवाड्याच्या भागात काढायचं. आर्किल्ला म्हणजे शहराच्या पोटातला बालेकिल्ला. आसार महालाकडे बाहेरूनच नजर टाकली तरी चालेल. गगन महालापाशी मात्र थांबा. १५६१ मधला हा दरबार. छत गेलं आहे, उरल्या आहेत समोरच्या तीन कमानी, आणि मधली अठरा मीटरहून अधिक रुंद. एवढी रुंद कमान कशासाठी? दरबारातला सुलतान आणि बाहेरच्या मैदानात जमलेली रयत यांच्यामध्ये खांब येऊ नये म्हणून. एका ओळीत पाहिलं तर विजापूरच्या हट्टाची ही पहिली पायरी: आधी कमान रुंद केली, मग कमानींची गुंफण केली, मग तीवर घुमट चढवला. याच दरबारात १६८६ मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर, अठरा वर्षांचा पोरगा, चांदीच्या बेड्या घालून औरंगजेबापुढे आणला गेला, असं सांगतात. नऊ सुलतानांच्या या घराण्यात शेवटच्याच्या वाट्याला घुमट आला नाही. त्याची साधी, उघडी कबर याच शहरात आहे.

जवळच बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशाहाने, शिवाजीमहाराजांच्या समकालीन सुलतानाने, बापाच्या गोलघुमटाला मागे टाकायच्या ईर्ष्येने ही कबर काढली आणि १६७२ मध्ये तो गेला. काम भिंतीच्या कमानींवरच थांबलं. उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी आभाळात उभ्या आहेत. लोक इथे फोटो काढतात आणि निघतात. पण गोलघुमटाच्या भिंतींमध्ये काय दडलं आहे ते कळायला याहून चांगली जागा नाही. इथे गिलावा नाही, घुमट नाही, सांगाडा तेवढा समोर आहे. दगडाची धार कमानीच्या माथ्याशी कशी मिळते ते हात लावून बघता येतं.

पश्चिमेकडे जाताना रस्त्याच्या कडेला, घरांच्या मधूनच, काही चौकोनी दगडी मनोरे दिसतील. कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. त्यांना इथे गंज म्हणतात. हे शहर नदीकाठी नाही. आजूबाजूला कोरडं माळरान. म्हणून पश्चिमेच्या तोरवीहून भुयारातून आणि दक्षिणेच्या, १६५१ मधल्या बेगम तलावातून मातीच्या नळांनी पाणी आणलं होतं. उतारावरून बंद नळातून येणाऱ्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि नळ फुटतात. म्हणून मध्ये मध्ये हे मनोरे. पाणी मनोऱ्यात वर चढायचं, दाब मोकळा व्हायचा, गाळ तळाशी बसायचा, आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने पुढे निघायचं. या राजधानीतली मला सर्वांत आवडलेली वास्तू कुठली असं विचारलं तर मी कदाचित गंजच सांगेन. वेळ असेल तर ताज बावडीही पाहा. १६२० मधली ही विहीर एखाद्या तलावाएवढी आहे.

आता तटावर. शहराचा तट दहा किलोमीटरचा, शहाण्णव बुरुजांचा. पहिल्या अलीने एकेका सरदाराला तटाचा एकेक तुकडा वाटून दिला असं सांगतात, म्हणून बांधणी जागोजागी वेगळी दिसते. आत उपली बुरूज आहे, १५८४ मधला, चोवीस मीटर उंच, बाहेरून वळसा घेत जाणाऱ्या जिन्याचा. वर पडलेली लांब तोफ नऊ मीटरहून मोठी आहे आणि ती ओतलेली नाही. लोखंडाच्या पट्ट्या उभ्या लावून त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवत, ठोकत ती घडवली आहे.

आणि मग शेर्झा बुरुजावरची मुलूख-ए-मैदान. ही ओतीव. अहमदनगरला १५४९ मध्ये, बुर्‍हाण निजामशाहासाठी, मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने केली. लांबी साडेचार मीटरच्या आत, पण तोंडाचं भोक सत्तर सेंटिमीटर, वजन पंचावन्न टन. तोंडावर सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. भर उन्हातही ती फारशी तापत नाही म्हणतात, आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. या दुसऱ्या गोष्टीचं कारण धातूत आहे. तोफेसाठी सहसा तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील घालत. या तोफेत ते वीस टक्क्यांजवळ आहे. म्हणजे ओतकाराने काशाचीच तोफ ओतली, आणि आपल्या देवळातल्या घंटा काशाच्या असतात.

ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून ती १६३२ मध्ये भीमेपलीकडे विजापूरला आणणारा माणूस मुरार जगदेव. हे नाव ओळखीचं वाटत असेल. पुण्यात पहार ठोकून गाढवांचा नांगर फिरवल्याची कथा याच्याच नावाशी जोडलेली आहे. आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेच्या युक्तीने हत्तीची तुला केली, ज्यावरून तुळापूर झालं, तोही हाच. गाव बेचिराख करणारा, हत्ती जोखणारा आणि पंचावन्न टनांची तोफ ओढून नेणारा एकच गृहस्थ! एखाद्या कादंबरीत असं पात्र घातलं तर संपादक म्हणेल, जरा कमी करा. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, ही तोफ भंगार म्हणून लिलावात निघाली. बोली दीडशे रुपयांवर अडली, आणि कुणाला तरी सुबुद्धी होऊन विक्री रद्द झाली.

उन्हं कलली की इब्राहीम रोझा. हा दिवसाचा शेवट, कारण पश्चिमेचा तिरपा उजेड इथल्या कोरीव भिंतींवर पडावा लागतो. माथ्यावरच्या उन्हात ती अक्षरं सपाट दिसतात. दुसरा इब्राहीम आदिलशाह, १५८० ते १६२७, या घराण्यातला सर्वांत विलक्षण माणूस. दक्खनीत त्याने ‘किताब-ए-नौरस’ ही गीतं रचली, त्यांत सरस्वती आणि गणपतीला वंदन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव दिलं होतं. ही वास्तू त्याची राणी ताज सुलताना हिच्यासाठी सुरू झाली. शिलालेखात ती उभारणारा म्हणून मलिक संदलचं नाव आहे. पण इब्राहीमच आधी गेला, आणि आता दोघंही इथेच आहेत. ताजमहालाची प्रेरणा हीच, असं मार्गदर्शक ठासून सांगतात. त्याला आधार कुणी दाखवत नाही, आणि इब्राहीम रोझाला या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

खिडक्या पाहा. दगडात अक्षरं कोरून, अक्षरांच्या मधली जागा आरपार कापून काढली आहे, त्यामुळे आत येणारा उजेड मजकुरातूनच येतो. मग कबरीच्या खोलीत जा आणि दिवसातला शेवटचा वरचा कटाक्ष टाका. बाहेरून माथ्यावर घुमट दिसतो, पण आत छत सपाट आहे. दगडाच्या फरशा कडेला कड लावून ठेवल्या आहेत, आणि खाली ना तुळई, ना खांब, ना कमान. कडेने छत थोडं वळून भिंतीला मिळतं, मधला मोठा चौकोन मात्र थेट अधांतरी. वजनाचं सगळं शास्त्र सांगतं की दगडाला वाकवू नये, तो दाब सोसतो पण ताण सोसत नाही. इथे फरशांना एकमेकींशी जखडलं आहे ते चुन्याने, आणि तो चुना चारशे वर्षं सुटलेला नाही. या सपाट छताच्या वर, घुमटाच्या पोटात, आणखी एक रिकामी खोली आहे. तिथे पर्यटकांना सोडत नाहीत. गोलघुमटाची रचना समजावून सांगता येते, कागदावर रेघा मारून दाखवता येते. या छतापुढे फर्ग्युसनसारखा माणूसही चकित झाला होता. दोन्हींत धाडसी कोण, यावर परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत वाद घालता येतो. माझं मत छताच्या बाजूने.